वस्तू, प्रक्रिया आणि निनावी लेखक : मराठवाड्यातील तांत्रिक लेखनाचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : पाथरी परिसर)

प्रस्तावना :

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूसोबत एक कागद असतो. ती वस्तू कशी जोडावी, कशी वापरावी, किती प्रमाणात वापरावी आणि कोणती काळजी घ्यावी, हे त्या कागदावर लिहिलेले असते. हा कागद कोणी लिहिला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी क्वचितच विचारला आहे. औद्योगिक इतिहासात कारखानदार, कामगार आणि भांडवल यांची चर्चा होते. कृषी इतिहासात जमीनधारणा, पीकपद्धती आणि बाजारपेठ यांचा विचार होतो. परंतु तज्ज्ञाचे ज्ञान वापरणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचवणारा लेखक या दोन्ही इतिहासांच्या बाहेरच राहिला आहे.

पाथरी हा परभणी जिल्ह्यातील कापूस आणि ऊस पिकवणारा तालुका. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात तो येतो. येथील शेतकरी दरवर्षी बियाणे, खते, कीटकनाशके, विद्युत पंप, फवारणी यंत्रे अशा अनेक औद्योगिक वस्तू विकत घेतो. म्हणजेच तांत्रिक लेखनाचा तो मोठा ग्राहक आहे. मात्र त्याच्यासाठी लिहिणारा लेखक त्याच्या प्रदेशात, त्याच्या भाषेत तयार झाला का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

1) तांत्रिक लेखनाची मराठीतील पूर्वपरंपरा तपासणे.
2) नोकरीत नसलेल्या, कामागणिक मोबदला घेणाऱ्या मुक्त लेखकाचे या परंपरेतील स्थान निश्चित करणे.
3) तांत्रिक लेखनाच्या उणिवेचे परिणाम मराठवाड्याच्या शेतीच्या संदर्भात पाहणे.

सदर लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ग्रंथ, नियतकालिके, कायदे व नियम यांसोबत बाजारात उपलब्ध असणारी माहितीपत्रके हीदेखील ऐतिहासिक साधने आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

तांत्रिक लेखन : संकल्पना व पूर्वपरंपरा

एखाद्या वस्तूविषयी किंवा प्रक्रियेविषयीची माहिती, ती वापरणाऱ्याला कृती करता येईल अशा रीतीने मांडणे म्हणजे तांत्रिक लेखन होय. शास्त्रीय लेखन ज्ञान सिद्ध करते, तर तांत्रिक लेखन ते ज्ञान वापरण्यायोग्य करते. त्यामुळे तांत्रिक लेखनात वाचकाची भाषा हा दुय्यम मुद्दा राहत नाही.

इंग्रजीतील आरंभीच्या तांत्रिक लेखनात चौसरच्या अ‍ॅस्ट्रोलेबवरील पुस्तिकेचा उल्लेख केला जातो. इ. स. 1391 च्या सुमारास त्याने ती दहा वर्षांच्या लुईस या मुलासाठी लिहिली. मुलाला लॅटिन पुरेसे येत नव्हते, म्हणून ती इंग्रजीत लिहिली गेली. मराठीत यापूर्वीच, अकराव्या शतकात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या श्रीपतीने ‘ज्योतिषरत्नमाला’ या आपल्याच संस्कृत ग्रंथावर मराठीत टीका लिहिली असे मानले जाते. दोन्ही ठिकाणी प्रेरणा एकच दिसते. विषय विद्वानांच्या भाषेत उपलब्ध होता. ज्याला तो वापरायचा होता त्याला ती भाषा पुरेशी अवगत नव्हती.

पाथरी : लेखणीचा व्यवसाय आणि भाषेचा अडसर

पाथरीच्या इतिहासात लेखणीला विशेष स्थान आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, अशी हकीकत फरिश्त्याने नोंदवली आहे. 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली, त्यामागे हे नातेही होते. अकबरकालीन ‘ऐने अकबरी’त पाथरीचा उल्लेख वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून येतो. गावचा हिशेब, जमिनीची नोंद आणि वसुलीचा तपशील ठेवणारा कुलकर्णी हा एका अर्थाने प्रक्रियेची नोंद करणाराच होता. तथापि त्याचे लेखन राज्यकर्त्यासाठी होते. कुणब्याने ते वाचावे अशी अपेक्षा नव्हती.

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली. तहसील आणि अदालतीचा कारभार उर्दूत चाले, तर मराठवाड्यातील बहुसंख्य प्रजा मराठी बोलत असे. या दोहोंमध्ये अर्जनवीस उभा होता. तो सरकारी नोकर नव्हता. कचेरीबाहेर बसून, कागदागणिक पैसे घेऊन, तो रयतेचे म्हणणे कचेरीच्या भाषेत आणि ठरावीक नमुन्यात उतरवून देई. अर्जावर नाव अर्जदाराचे असे, लेखक मागेच राही. आजच्या मुक्त तांत्रिक लेखकाची सर्व लक्षणे, म्हणजे कामागणिक मोबदला, दोन भाषांमधील मध्यस्थी, ठरावीक नमुना आणि निनावीपण, अर्जनवीसाच्या व्यवसायात आढळतात. फरक दिशेचा आहे. अर्जनवीस सामान्य माणसाचे म्हणणे वर पोहोचवीत असे; तांत्रिक लेखकाने तज्ज्ञाचे म्हणणे सामान्य माणसापर्यंत आणावयाचे असते.

याच संस्थानात भाषांतराचा एक मोठा प्रयोगही झाला. 1917 मध्ये हैदराबादला भाषांतर विभाग म्हणजे ‘दारुत्तर्जुमा’ स्थापन झाला आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी अशा विषयांची परिभाषा उर्दूत घडवण्यात आली. देशी भाषेत उच्च तांत्रिक शिक्षण देता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. परंतु ती भाषा मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरची नव्हती. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर ही परिभाषा मागे पडली आणि मराठवाड्याला नव्याने आरंभ करावा लागला.

ब्रिटिश अमदानी व संस्थानांतील मराठी तांत्रिक लेखन

मुंबई इलाख्यात वेगळा प्रवाह होता. 1820 च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. 1849 च्या सुमारास लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यातील तरुणांनी अशी मागणी केली की, पेशवाईपासून चालत आलेल्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा. यातून दक्षिणा प्राइज कमिटीची व्यवस्था उभी राहिली. नोकरी न देता ग्रंथागणिक मोबदला देण्याची ही पद्धत मराठीतील मुक्त लेखनाचा महत्त्वाचा टप्पा मानावी लागेल.

1890 मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने व त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय देशी भाषांतून शिकवण्याची आणि त्यासाठी पुस्तके तयार करण्याची दृष्टी तेथे होती. म्हणजे हातांनी काम करणारा माणूस हा वाचक आहे, हे येथे प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले.

वस्तू आणि लेखन यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते किर्लोस्करांच्या उदाहरणात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले चाळीस नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. नांगराच्या बनावटीत दोष नव्हता; अडचण समजुतीची होती. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती ग्राहकांपर्यंत नेणारे हे पत्र 1929 पासून ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले आणि मराठीतील एक प्रमुख मासिक ठरले. यंत्र विकणाऱ्याला लेखकाची गरज असते, हे ओळखणारा हा कारखाना होता. याच काळात नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने लहान उद्योगांच्या कृती आणि शेतीची व्यावहारिक माहिती सोप्या मराठीत देण्याचे काम केले.

ही सर्व उदाहरणे मराठवाड्याच्या सीमेबाहेरची आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मराठी तांत्रिक गद्य घडत होते त्या काळात मराठवाडा दुसऱ्या राजभाषेच्या छायेत होता.

1956 नंतरचा कालखंड

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना होऊन परिभाषा कोशांचे काम सुरू झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि 1976 मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली.

विश्वकोशाची एक पद्धत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नोंदी लिहिण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञांनाही निमंत्रण दिले जाई आणि नोंदीखाली लेखकाचे नाव छापले जाई. नोकरीत नसलेल्या लेखकाला नाव आणि जबाबदारी दोन्ही देणारी ही व्यवस्था होती. मजकुराची तपासणी संपादकांकडून होत असे. नाव, तपासणी आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे विश्वकोशातील तांत्रिक गद्य आजही विश्वासार्ह मानले जाते.

मराठवाड्यात 1972 मध्ये परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. 2013 पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ मासिक, कृषी दैनंदिनी आणि पीकनिहाय पुस्तिका हे मराठवाड्यातील मराठी तांत्रिक लेखनाचे पहिले मोठे संस्थात्मक भांडार होय. येथे लेखक शास्त्रज्ञच असतो, वाचक आपल्याच जिल्ह्यातला असतो आणि लेखाखाली नाव असते. तथापि विद्यापीठ शिफारशी देते. बाजारातील वस्तूवरचा कागद मात्र विद्यापीठ लिहीत नाही.

खोक्यातला कागद : दोन उदाहरणे

पहिले उदाहरण बीटी कापसाचे. मार्च 2002 मध्ये भारतात बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली. बियाण्याच्या खोक्यात 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट असे. हे बियाणे शेताच्या कडेने पाच ओळींत किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के भागात, यांपैकी जे अधिक असेल त्या प्रमाणात पेरावयाचे होते. या ओळींवर बोंडअळीची सर्वसाधारण पिढी टिकून राहावी आणि प्रतिकारक्षम अळ्यांची वाढ लांबावी, असा हेतू होता. आपल्याच शेतात अळीसाठी जागा ठेवा, ही सूचना कोणत्याही शेतकऱ्याला विपरीत वाटणारच. अशा वेळी ‘काय करावे’ एवढे सांगून भागत नाही, ‘का करावे’ हेही पटवावे लागते. प्रत्यक्षात ते लहान पाकीट अनेक ठिकाणी पेरले गेले नाही. पुढे गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस पट्ट्यात तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. यामागे दीर्घ मुदतीचे संकरित वाण, फरदड घेण्याची पद्धत अशी इतर कारणेही होती. तरीही कागदावरची सूचना शेतात उतरली नाही, हे त्यांतील एक कारण होते, हे नाकारता येत नाही.

दुसरे उदाहरण कीटकनाशकांचे. 1958 मध्ये केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या विचारमंथनातून 1968 चा कीटकनाशक कायदा व 1971 चे नियम आले. या नियमांनुसार वेष्टनावर विषारीपणा दर्शवणारा चौकोन असतो. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग विषारीपणाची उतरती श्रेणी दाखवतात. खोक्यात माहितीपत्रक ठेवणे बंधनकारक असून ते हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील एक वा दोन प्रादेशिक भाषांत असावे लागते. म्हणजे भाषेचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

प्रत्यक्ष माहितीपत्रक हाती घेतल्यास काय दिसते? अनेक भाषांचा मजकूर एकाच पातळ कागदावर बसवण्यासाठी अक्षर अतिशय बारीक केलेले असते. मात्रा हेक्टरी दिलेली असते. शेतकरी एकर, गुंठा आणि पंप या मापांत विचार करतो. समजा, हेक्टरी 500 लिटर पाण्यात 500 मिलिलिटर असे प्रमाण दिले असेल, तर 16 लिटरच्या पंपाला ते 16 मिलिलिटर होते. हा साधा हिशेब लेखकाने करून द्यावयाचा की पहाटे शेतात निघालेल्या मजुराने? लेखकाने तो केला नाही म्हणजे ‘पंपाला दोन टोपणे’ असे अंदाजाचे माप रूढ होते. शब्दांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. आपल्याकडे कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. दुकानदार औषध देतो, गडी औषध मारतो. ज्या वस्तूवर कायद्याने विषारीपणाची खूण छापली जाते, तिला लोकभाषेत औषध म्हटले जाते, या विसंगतीची दखल माहितीपत्रकाच्या मराठीने घेतलेली नसते.

2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. माणसाच्या उंचीचे पीक, संरक्षक साधनांचा अभाव, दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण अशी अनेक कारणे पुढे आली. या शोकांतिकेचे खापर केवळ माहितीपत्रकावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु मरण पावलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणी करणारे मजूर होते आणि खोक्यातला कागद मजुरापर्यंत सहसा पोहोचत नाही, ही बाब तांत्रिक लेखनाच्या इतिहासात नोंदवलीच पाहिजे.

मुक्त तांत्रिक लेखकाचा आधुनिक व्यवसाय

आधुनिक तांत्रिक लेखनाचा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. बायनॅक या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी 1949 मध्ये लिहिलेली पुस्तिका संगणकविषयक पहिल्या वापरपुस्तिकांपैकी मानली जाते. अमेरिकेत 1953 पासून या लेखकांच्या संघटना आकारास आल्या. त्यांतून वाढलेली ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही संस्था 2025 मध्ये बंद पडली. भारतात 1990 च्या दशकात बंगळूर, पुणे, हैदराबाद येथील संगणक उद्योगासोबत हा व्यवसाय वाढला. परंतु तो प्रामुख्याने इंग्रजीत वाढला.

प्रक्रियांच्या लेखनाला आयएसओ 9000 मानकांमुळे चालना मिळाली. 1987 मध्ये ही मानके आली. 2000 च्या आवृत्तीत सहा कार्यपद्धती लेखी स्वरूपात ठेवणे अनिवार्य होते. 2015 च्या आवृत्तीत ही सक्ती शिथिल झाली. वाळूज येथे 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर आजच्या छत्रपती संभाजीनगर परिसरात पूरक उद्योगांचे जाळे वाढले. अशा लहान उद्योगांना लेखी कार्यपद्धतींची गरज भासू लागली आणि बाहेरच्या लेखकांना व सल्लागारांना काम मिळू लागले. मात्र कार्यपद्धती इंग्रजीत आणि यंत्रावरचा कामगार मराठी, ही स्थिती सर्वत्र आढळते.

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी हा व्यवसाय वेगळ्या नावाने वावरतो. डीटीपी सेंटरचा चालक हाच येथील मुक्त तांत्रिक लेखक होय. रोपवाटिकेचे पत्रक, बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर, अवजारांच्या दुकानाचे दरपत्रक तोच लिहितो, तोच जुळवतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची सांकेतिक व्यवस्था निराळी असल्याने एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर वाचता येत नसे आणि ‘मिली’ व ‘मिग्रॅ’ यांची अदलाबदल झाली तरी ती तपासण्याची सोय नसे. त्याला पैसे पानाचे मिळतात, अचूकतेचे नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने मुक्त लेखक पूर्णतः असहाय नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीच्या करारात केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालक-नियोक्ता असतो. परंतु मुक्त लेखक सर्वसाधारणपणे आपल्या मजकुराचा पहिला हक्कदार असतो आणि हे हक्क द्यावयाचे तर कलम 19 नुसार लेखी करार लागतो. कलम 57 लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा हक्कही देते. व्यवहारात मात्र तोंडी बोलीवर काम होते आणि लेखकाचे नाव कोठेही येत नाही. गेल्या काही वर्षांत यंत्राद्वारे मराठी भाषांतर सहज मिळू लागले आहे. त्यामुळे लेखनाचा खर्च घटेल. परंतु ‘औषध’ म्हणावे की ‘विष’, एकरी सांगावे की पंपाला, हा निर्णय शेत पाहिलेल्या माणसालाच तपासावा लागेल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मराठीत तांत्रिक लेखनाची परंपरा जुनी आहे आणि तिचा मोठा भाग नोकरीबाहेरच्या, कामागणिक मोबदला घेणाऱ्या लेखकांनी उभारला आहे. दुसरा, दक्षिणा प्राइज, कलाभवन, किर्लोस्कर, विश्वकोश व कृषी विद्यापीठ यांनी या लेखनाला मान, तपासणी किंवा नाव दिले, तेव्हा टिकाऊ गद्य निर्माण झाले. तिसरा, मराठवाडा ऐतिहासिक कारणांमुळे या प्रवाहात उशिरा सामील झाला. चौथा, भाषेचा हक्क कायद्याने दिला तरी लेखक निनावी आणि वाचक अनोळखी असेल, तर कागद खोक्यातच राहतो आणि त्याची किंमत वापरणारा मोजतो.

या स्थितीत ग्रामीण महाविद्यालयांना करण्यासारखे बरेच आहे. मराठी, कृषी, रसायनशास्त्र आणि वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन तांत्रिक लेखनाचा लहान अभ्यासक्रम चालवावा. विद्यार्थ्याने एखादे माहितीपत्रक घ्यावे, ते गावातील फवारणी करणाऱ्या मजुराला वाचून दाखवावे, त्याला काय समजले नाही याची नोंद करावी आणि ते पुन्हा लिहावे. विषयतज्ज्ञाने ते तपासावे आणि खाली विद्यार्थ्याचे नाव असावे. आपल्या पदवीधरांना यातून रोजगाराचा एक मार्गही मिळू शकेल. कचेरीच्या दारात बसलेला अर्जनवीस एकेकाळी रयतेची गरज होता. आज तशीच गरज कृषी सेवा केंद्राच्या दारात आहे, आणि ती भागवणारा लेखक घडवण्याची जबाबदारी आपल्या वर्गखोल्यांची आहे.